शनवार तेल्यांचा शनिवार

१९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली, तेव्हा मुंबई, ठाणे, पुणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात मिळून वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल राहत होते. पुढच्या तीन-चार दशकांत त्यांतले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. आज भारतात सगळ्या पंथांचे मिळून चार-पाच हजार ज्यू उरले आहेत. रामला, लोद, अश्दोद, बेअरशेवा, दिमोना या गावांत मात्र पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर अशी रायगडातल्या गावांची नावे लावणारी घराणी मोठ्या संख्येने आहेत.

हे लोक का गेले, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे. युरोपातले ज्यू का गेले, याचे उत्तर इतिहासाची पुस्तके देतात. कोकणातल्या ज्यूंना कोणी छळले नव्हते. शेजाऱ्यांनी त्यांना गावकी दिली आणि आडनावे दिली. भाषा तर त्यांची मराठीच. त्यांच्यापैकी अनेकजण आजही भारताला मातृभूमी आणि इस्रायलला पितृभूमी म्हणतात. अशा माणसांना तिथे काय मिळाले? नोकरी, घर, नातेवाईक ही कारणे आहेतच. पण त्यांच्यातल्या आणि इतर देशांतून आलेल्या धर्मनिष्ठ ज्यूंशी बोलताना, त्यांची टिपणे वाचताना माझ्या लक्षात आले की ही मंडळी मोठ्या गोष्टींविषयी फारसे बोलत नाहीत. ती शनिवारविषयी, बाजारातल्या पाकिटावरच्या शिक्क्याविषयी, शाळेच्या सुट्ट्यांविषयी आणि पावसाविषयी बोलतात. या लेखात मी त्याच साध्या गोष्टींचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

घाणा, कचेरी आणि शब्बाथ

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. शमा ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची विश्रांती एवढे त्यांच्यापाशी उरले. पुढे ते तेलाच्या घाण्यावर काम करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. या समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही या विषयाचा मूळ आधार मानला जातो.

या नावात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. घाणा स्वतःचा होता, म्हणूनच तो बंद ठेवता येत होता. अठराव्या शतकापासून बेने इस्रायल कंपनीच्या फौजेत आणि नंतर रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या, गिरण्या, इस्पितळे यांत गेले. शिक्षण आले, पगार आला, मुंबईत बिऱ्हाड आले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत ‘शआर हारहमीम’ हे सिनेगॉग बांधले. मुंबईकर त्याला जुनी मशीद म्हणत आणि मशीद बंदर हे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. प्रार्थनेचे घर मिळाले, पण शनिवार हातातून गेला. साहेबाच्या कचेरीची सुट्टी रविवारची होती. शनिवारी अर्धा दिवस का होईना, कामावर जावेच लागे. खेड्यात अडाणी समजला जाणारा तेली जो नियम पाळत होता, तो शहरातल्या शिकलेल्या कारकुनाला पाळता येईना.

ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसले की संपतो. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, लिहायचे नाही, पैसे हाताळायचे नाहीत, वाहनात बसायचे नाही. शास्त्रकारांनी अशी ३९ प्रकारची कामे वर्ज्य सांगितली आहेत. हे सगळे एकट्याने पाळायचे तर शुक्रवारी दुपारी वरिष्ठांकडे लवकर जाण्याची परवानगी मागा, शनिवारची रजा टाका, परीक्षा शनिवारी आली तर अर्ज करा, असा तो आठवड्याचा झगडा असतो. लंडन-न्यूयॉर्कमधून आलेले ज्यूही हीच तक्रार सांगतात. नियम पाळण्याचे कष्ट त्यांना जाचत नव्हते. दर वेळी तो समजावून सांगण्याचा त्यांना कंटाळा येई.

इस्रायलमध्ये हिब्रू वारांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. रविवार हा पहिला दिवस, सोमवार दुसरा, असे सहा दिवस मोजत सातव्या शब्बाथपाशी पोहोचायचे. १९५१ च्या कामाचे तास व विश्रांती कायद्याने आठवड्यातून किमान सलग ३६ तासांची सुट्टी ठरवून दिली. ज्यूंसाठी ती शनिवारी, तर इतरांना शुक्रवार, शनिवार, रविवार यांपैकी आपापल्या धर्माप्रमाणे निवडता येते. गुरुवारपासूनच दुकानदार, बसचालक, बँकेतला कारकून एकमेकांना ‘शब्बात शालोम’ म्हणू लागतात. शुक्रवारी सकाळी बाजारात फुले आणि वेणीसारखा गुंफलेला पाव घ्यायला गर्दी होते आणि दुपारनंतर दुकाने मिटू लागतात. जेरुसलेममध्ये सूर्यास्ताआधी भोंगा वाजतो. बहुतेक शहरांतल्या बसगाड्या थांबतात. एल आल ही विमान कंपनीही १९८२ पासून शब्बाथला आपली प्रवासी विमाने उडवत नाही.

आणखी एक बारीक सोय बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शब्बाथला घराबाहेर सार्वजनिक जागेत ओझे वाहून न्यायचे नाही, असा नियम आहे. खिशातली किल्ली, लहान मुलाची ढकलगाडी हेही ओझेच. शहराभोवती खांब आणि तार यांची एक प्रतीकात्मक हद्द आखली की आतला सगळा भाग शास्त्राच्या दृष्टीने एका अंगणासारखा धरता येतो. या हद्दीला एरुव म्हणतात. परदेशांतल्या मोजक्याच वस्त्यांत एरुव असतो. इस्रायलमध्ये जवळपास प्रत्येक ज्यू गावाला तो असतो आणि धार्मिक खाते त्याची देखभाल करते. एरुव नसलेल्या शहरात तान्ह्या मुलाच्या आईला शनिवारभर घरात बसावे लागते. इथे ती गाडी ढकलत सिनेगॉगला जाते. तारेच्या एका वेढ्याने तिचा आठवडा बदलतो.

पंचांगात राहणे

मराठी वाचकाला हिब्रू पंचांग समजायला अवघड जाणार नाही. ते आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. १९ वर्षांत ७ अधिक महिने घालून ते ऋतूंशी मेळ राखते. त्यामुळे बहुतेक वर्षी त्यांचे नववर्ष रोश हशाना आपल्या घटस्थापनेच्या सुमारास येते, मांडवाचा सण सुक्कोथ कोजागरीच्या, पुरीम होळीच्या आणि वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास. कोकणातल्या बेने इस्रायलांनी सणांना जी नावे दिली, त्यांत हा शेजार स्पष्ट दिसतो. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण. आब महिन्यातल्या शोकाच्या उपासाला ते बिरड्याचा रोजा म्हणत, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खाल्ले जाई. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. त्या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून लोक घरात बसत.

दारे लावून बसणे हे त्या जगण्याचे नेमके चित्र आहे. बाहेर गावाचा व्यवहार चालू, आत एका कुटुंबाचा उपास. इस्रायलमध्ये योम किप्पूरला ज्यू वस्त्यांतले रस्ते रिकामे होतात. विमानतळ बंद, दूरचित्रवाणी बंद, मोटारी उभ्या. जे उपास करत नाहीत तेही सहसा गाडी काढत नाहीत आणि मुले हमरस्त्यावर सायकली चालवतात. गाड्या बंद ठेवायला कायदा नाही, तो रिवाज आहे. दार लावून बसण्याची गरज इथे उरत नाही.

सणांच्या दिवसांचा हिशेबही इथे वेगळा आहे. प्राचीन काळी चंद्रदर्शनाची साक्ष जेरुसलेममध्ये नोंदली जाई आणि निरोपे ती वार्ता घेऊन निघत. दूरच्या ज्यूंपर्यंत निरोप वेळेवर पोहोचत नसे, म्हणून सावधगिरी म्हणून ते प्रत्येक मुख्य सण दोन दिवस पाळू लागले. पुढे गणिती पंचांग आले तरी प्रथा राहिली. त्यामुळे इस्रायलबाहेरच्या धर्मनिष्ठ ज्यूला वर्षात कामबंदीचे १३ पवित्र दिवस पाळावे लागतात, तर इस्रायलमध्ये ८. मुंबईत या १३ दिवसांपैकी जवळपास प्रत्येक दिवस नोकरदाराच्या रजेच्या खात्यातून जाई. इस्रायलमध्ये आठही दिवस सार्वजनिक सुट्टीचे आहेत, शाळांच्या सुट्ट्या त्यांच्याभोवती आखलेल्या आहेत आणि सरकारी पत्रांवर हिब्रू तिथी असते.

सुक्कोथच्या दिवसांत तर शहरच बदलते. या सणात आठवडाभर झावळ्या-फांद्यांचे छत असलेल्या मांडवात जेवायचे असते आणि त्या छतावर उघडे आकाश हवे. म्हणून धार्मिक वस्त्यांतल्या अनेक इमारतींचे सज्जे एकाखाली एक न ठेवता पुढेमागे, पायऱ्यांसारखे बांधलेले दिसतात. वास्तुरचनाकाराने सण लक्षात घेऊन नकाशा काढायचा, ही गोष्ट परदेशांतून आलेल्यांना फार भावते. उपाहारगृहेही दारापुढे मांडव घालतात.

शिक्क्याचे पाकीट

बेने इस्रायलांच्या कथांमध्ये डेव्हिड रहाबी हे नाव वारंवार येते. कोचीनहून आलेल्या या माणसाने हे लोक खरोखर ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून बाकीचे बाजूला सारले आणि त्यांची ओळख पटली. कथा खरी असो वा नसो, तिच्यात कोकणच्या स्वयंपाकघराची खूण आहे. पापलेट, सुरमई, रावस चालतील. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाहीत. मांसासोबत दूध चालत नाही, म्हणून रश्श्याला नारळाचे दूध. नव्याच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातलाच. किद्दूशच्या पेल्यात द्राक्षाच्या मद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत. कोकणाने या नियमांना अडथळा केला नाही, उलट हाताशी नारळ दिला.

पण मांस हलाल-झटका नव्हे, तर ज्यू पद्धतीने कापलेले हवे, आणि ते कापणारा जाणकार जिथे असेल तिथेच मिळणार. बाहेरचे जेवण, डब्यातले पदार्थ, इस्पितळातले ताट, प्रवासातला फराळ या प्रत्येक ठिकाणी प्रश्न उभा राहतो. त्यामुळे मुंबईतले अनेक धर्मनिष्ठ ज्यू बाहेर शाकाहारीच राहत. इस्रायलमध्ये सैन्याची आणि सरकारी इस्पितळांची स्वयंपाकघरे कोशेर असतात. मोठ्या बाजारात बहुतेक पाकिटांवर तपासणीचा शिक्का असतो आणि १९८३ च्या कायद्यानुसार अधिकृत मंजुरीवाचून उपाहारगृहाला स्वतःला कोशेर म्हणवता येत नाही. वल्हांडणाच्या आठवड्यात बहुतेक दुकानांत आंबवलेल्या धान्याच्या पदार्थांची फडताळे कापडाने किंवा प्लॅस्टिकने झाकून टाकतात. मुंबईत किराणा मालाच्या दुकानात उभ्या असलेल्या स्त्रीला यातला प्रत्येक निर्णय एकटीने करावा लागे. तिथे तो फडताळावरच केलेला असतो. या दिवसांत भात चालतो की नाही यावर युरोपीय आणि पौर्वात्य ज्यूंत मतभेद आहेत. त्यासाठीही पाकिटावर ‘तांदूळ-कडधान्ये खाणाऱ्यांसाठी’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते. मतभेदालाही बाजारात जागा मिळाली, ही मला लक्षणीय गोष्ट वाटते.

पाव वाया घालवायचा नाही ही भावनाही अशीच रस्त्यावर दिसते. शिळा पाव कचऱ्याच्या पेटीत न टाकता वेगळ्या पिशवीत घालून पेटीच्या कडेला अडकवतात, कोणाला हवा असेल तर न्यावा म्हणून. हे धार्मिक वस्तीतच दिसते असे नाही.

पावसाची प्रार्थना

मला या सगळ्या विषयातला सर्वांत हृद्य भाग पावसाचा वाटतो. ज्यू प्रार्थनेत ऋतूप्रमाणे बदल होतो. सुक्कोथच्या शेवटी, म्हणजे आपल्या आश्विनात, पावसाचा उल्लेख सुरू होतो आणि वल्हांडणाला, म्हणजे चैत्रात, तो थांबून दवाचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकात कोचीन आणि बगदादकडच्या गुरूंकडून बेने इस्रायलांनी ही संपूर्ण प्रार्थना आत्मसात केली. आता कोकणातले चित्र पाहा. चार महिने कोसळून पाऊस नुकता गेलेला, भाताची कापणी आलेली, आणि अलिबागच्या सिनेगॉगमध्ये लोक पाऊस घेऊन येणाऱ्या देवाची स्तुती करीत आहेत. वैशाखात विहिरी आटल्या, ढगांकडे डोळे लागले, तेव्हा प्रार्थना मात्र दवाची. शब्द एका भूमीचे आणि आभाळ दुसऱ्या भूमीचे.

इस्रायलमध्ये मे ते सप्टेंबर जवळपास पाऊस नसतो. तो ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलमध्ये संपतो. तिथे प्रार्थना आणि आभाळ एकमेकांशी जुळतात. प्रत्यक्ष पाऊस मागण्याची विनंती तिथे हेश्वान महिन्याच्या सातव्या दिवशी सुरू होते. तो दिवस बहुतेक वर्षी आपल्या दिवाळीनंतर आठवडाभरात येतो. ही तारीख ठरवताना प्राचीन गुरूंनी सुक्कोथसाठी जेरुसलेमला आलेल्या यात्रेकरूंचा विचार केला होता. सर्वांत दूरचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत कोरडा पोहोचावा, म्हणून सणानंतर पंधरा दिवस थांबायचे. पाऊस सगळ्यांना हवा आहे, पण वाटेवरच्या शेवटच्या माणसाला भिजवून नको, हा त्या नियमाचा आशय.

जमिनीशी निगडित बहुतेक नियमही त्या भूमीपुरतेच आहेत. पिकाचा दशमांश वेगळा काढायचा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. परदेशात हे नियम पोथीतच राहतात. इस्रायलमध्ये भाजी घेताना ते विचारावे लागतात. मागचे सातवे वर्ष २०२१-२२ मध्ये येऊन गेले. शेतकऱ्याला वर्षभर जमीन पडीक ठेवणे परवडत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीन नाममात्र परधर्मीयाला विकण्याची पळवाट निघाली आणि ती योग्य की अयोग्य यावर अजून वाद चालतो. धर्मनिष्ठ मंडळींना हा वाद ओझे वाटत नाही. पुस्तकातला प्रश्न आपल्या टोपलीत आला याचे त्यांना अप्रूप वाटते.

भाषेचेही तसेच. मराठी बेने इस्रायलांनी १८४६ मध्येच वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली, कारण प्रार्थनेची भाषा समजत नसे. इस्रायलमध्ये तीच भाषा भाजीवाल्याची आहे. विजेला हिब्रूत ‘हश्मल’ म्हणतात. हा शब्द यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातला आहे. आपले कवी निसीम इझिकेल यांच्या आडनावात जो संदेष्टा आहे, त्याचा शब्द तिथे विजेच्या बिलावर येतो.

या सोयीची किंमत

हे चित्र इथेच थांबवले तर ते अपुरे राहील. जो समाज शनिवारच्या नावानेच ओळखला जात होता, त्याचे ज्यू असणे नेमके इस्रायलमध्ये संशयास्पद ठरले. सुरुवातीच्या वर्षांत रंगावरून आणि राहणीवरून भेदभाव झाला आणि १९५२ मध्ये काही कुटुंबे निषेध करून भारतात परतली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य धर्मपीठाने इतर ज्यूंशी होणाऱ्या त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. त्याच वर्षी तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्या व्यवस्थेने शब्बाथला राज्याचे बळ दिले, तिनेच विवाहाचा अधिकार धर्मपीठाकडे सोपवला होता. १९४७ मध्ये बेन-गुरियन यांच्या पुढाकाराने धार्मिक पक्षाला दिलेल्या पत्रात शब्बाथ, कोशेर स्वयंपाकघरे, विवाह आणि शिक्षण हे चारही विषय एकत्र होते. एक घ्यायचा आणि दुसरा सोडायचा अशी सोय त्यात नव्हती.

ज्यांना धर्म पाळायचा नाही अशा ज्यूंना शनिवारची बंद बस जाचते. २०१९ मध्ये तेल अवीव आणि शेजारच्या काही नगरपालिकांनी स्वतःची शनिवारची बससेवा सुरू केली, ती त्यातूनच. शिवाय देशाचे सुमारे एक पंचमांश नागरिक अरब आहेत. त्यांच्यासाठी हे पंचांग, ही सुट्टी आणि ही भाषा दुसऱ्यांची आहे. त्यांच्या घरातला सण आणि रस्त्यावरचा व्यवहार यांत तेच अंतर आहे, जे एकेकाळी दारफळणीच्या सणाला बेने इस्रायल कुटुंबाच्या वाट्याला येत होते. गेल्या काही वर्षांतल्या युद्धाने ते अंतर आणखी वाढवले आहे.

तरीही धर्मनिष्ठ स्थलांतरितांना जे आवडते ते खोटे ठरत नाही. मला त्याचा अर्थ असा लागतो: अल्पसंख्य माणसाला आपला धर्म पाळताना सतत दोन कामे करावी लागतात. एक नियम पाळण्याचे आणि दुसरे तो समजावून सांगण्याचे. यांतले दुसरे काम संपले की पहिले हलके होते. कोकणाने बेने इस्रायलांना प्रेम दिले, सुरक्षितता दिली, नारळ दिला, पण त्यांचे पंचांग ते समाजाचे पंचांग करू शकले नाही. तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. बहुसंख्य असणे म्हणजे काय, याचे उत्तर आपल्याला सहसा ठाऊक नसते, कारण आपली दिवाळी आपोआप सुट्टीची असते.

इस्रायलमधल्या बेने इस्रायलांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. एलियाहू हनाबीच्या नावाने होणारा मलिदा, म्हणजे गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचे आणि फळांचे ताट, त्यांच्या घरांत आजही मांडला जातो. शनिवार तिथे सगळ्यांचाच झाला. मराठी आणि मलिदा मात्र आता दार लावून जपावे लागतात, शेजाऱ्याला समजावून सांगावे लागतात आणि नातवंडांना शिकवावे लागतात.